मदत हवी आहे : एडीएचडीची गोळी, रत्नागिरीत राहून

वय ३९, रत्नागिरीत कॉलेजात शिकवतो. पीएचडीचं चौथं प्रकरण दोन वर्षं अर्धवट. टेबलावर न तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा, त्यावर कालचा गार चहा. गेल्या महिन्यात कोल्हापुरात एडीएचडीचं (लक्ष टिकवणं अवघड जाण्याचा विकार) निदान झालं. (घरचे अजून 'आळस'च म्हणतात, असो.) डॉक्टरांनी दोन पर्याय सांगितलेत. मिथाइलफेनिडेटचा परिणाम त्याच दिवशी जाणवतो, पण इथल्या तीन मेडिकलवाल्यांनी चिठ्ठी बघूनच नकारार्थी मान हलवली. ॲटोमॉक्सेटिनला काही आठवडे लागतात. मिथाइलफेनिडेटसाठी दर महिन्याला आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचं, तेही पावसात, जमेलसं वाटत नाही. कोकणात कोणी नियमित घेतंय का? कुठून आणता? सकाळच्या लेक्चरआधी घेतली तर दुपारची भूक मरते का? बीपीवाल्यांनी अनुभव जरूर सांगा. डॉक्टरांना तर विचारणारच आहे.