तातडीने मदत हवी: फोनवर 'हो' म्हटलं तर करार नेमका कुठे होतो?

चहा_आणि_कलम | रविवार, रात्री ९.४०
एलएलबी पहिलं वर्ष, तीन वर्षांचा कोर्स. उद्या सकाळी ११ ला ट्युटोरियल द्यायचंय. प्रश्न साधा आहे. अ ने पुण्याहून ब ला अकोल्याला फोन केला, माल ठरला, नंतर भांडण झालं. करार कुठे झाला? सर वर्गात म्हणाले पुणे. मी कॉन्ट्रॅक्ट ऍक्टचा सेक्शन ४ तीनदा वाचला, त्याप्रमाणे अकोला येतं. गाइडात दोन्ही आहे, एका पानावर एक आणि उलटल्यावर दुसरं. कोण बरोबर तेवढंच सांगा. लेक्चर नको प्लीज, वेळ नाही.

टॉपर_९८ | ९.४६
किती मार्कांचा आहे? दहाचा असेल तर मोहोरी बीबी टाकायलाच हवी. १९०३, प्रिव्ही कौन्सिल (ब्रिटिश काळातलं सर्वात वरचं अपील कोर्ट), अज्ञानाने, म्हणजे अठरा वर्षांखालच्याने, केलेला करार मुळातच वॉइड, निरर्थक. आमच्या वेळी ती केस लिहिली की तपासणारा खूश व्हायचा.

चहा_आणि_कलम | ९.४८
माझ्या प्रश्नात कोणीही अज्ञान नाही. (मी सोडून.)

बेअरऍक्टवाली | ९.५३
गाइड बंद कर आधी. १८७२ चा ऍक्ट उघड आणि सेक्शन ४ परत वाच. स्वीकृती पाठवणाऱ्याच्या हातातून सुटली की प्रस्ताव देणारा बांधला गेला. स्वीकारणारा मात्र ती समोरच्याला कळल्यावर बांधला जातो. दोघांसाठी दोन वेगळे क्षण. इंग्लंडात पत्र पेटीत पडलं की दोघंही अडकतात, आपल्याकडे तसं नाही, म्हणूनच सेक्शन ५ मध्ये स्वीकृती मागे घ्यायची सोय आहे. ब ने 'हो' अकोल्यात म्हटलं, म्हणून तुझं अकोला बरोबर आहे.

काळाकोट | १०.०२
ताई, पत्राला बरोबर. फोनला नाही. भगवानदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल, सुप्रीम कोर्ट. अहमदाबादच्या व्यापाऱ्याने खामगावच्या जिनिंग फॅक्टरीला ट्रंक कॉल लावला, २२ जुलै १९५९. माल आला नाही. ३१,१५० रुपयांचा दावा अहमदाबादच्या सिटी सिव्हिल कोर्टात. फॅक्टरीवाले म्हणाले, आम्ही 'हो' खामगावात म्हटलं, इथे दावा चालणार नाही. कोर्टाने दोन विरुद्ध एक असं ठरवलं की फोनवर दोघं जणू समोरासमोरच असतात, स्वीकृती जिथे ऐकू येते तिथे करार होतो. म्हणजे अहमदाबाद. तुझे सर बरोबर.

बेअरऍक्टवाली | १०.०६
तो एक कोण होता तेही सांगा ना. हिदायतुल्ला. त्यांचं म्हणणं, सेक्शन ४ ची भाषा पुरेशी रुंद आहे, शब्द तोंडातून निघाला की बोलणाऱ्याच्या हातात काही राहत नाही, मग फोनसाठी वेगळा नियम आणायचा कशाला. मला अजून तेच पटतं.

काळाकोट | १०.०९
पटतं हे ट्युटोरियलमध्ये लिहून मार्क मिळत नाहीत. बहुमत शाह आणि वांछू यांचं. कायदा १८७२ चा, बेलचं टेलिफोनचं पेटंट १८७६ चं. ज्याने कलम लिहिलं त्याच्या डोक्यात टपाल होतं.

चहा_आणि_कलम | १०.११
थँक्यू. म्हणजे पुणे. लिहितो. केसचं वर्ष १९६५ की १९६६? आणि गाइडात त्या केसमधल्या मालाला 'कॉटन सीड केक' लिहिलंय, तो केक म्हणजे नेमकं काय? मराठीत 'कापूस बियाणे केक' लिहू?

वऱ्हाडी_ठेचा | १०.१५
काय राजेहो! कापूस बियाणे केक! बड्डे करून रायला का? सरकीची ढेप म्हणतात तिले. सरकीतून तेल काढलं की उरते ते, दुभत्या जनावराले घालतात. मी खामगावचाच. आमच्याकडं कापसासाठी इंग्रजानं १८७० मधे जलंबपासून रेल्वेचा फाटा टाकला होता, ठाऊक हाय का कोणाले?

टॉपर_९८ | १०.१८
ढेप गुळाची असते. सरकीची पेंड.

वऱ्हाडी_ठेचा | १०.१९
तुमच्याकडं असन. आमच्याकडं पेंड कोणी म्हणत नाही.

काळाकोट | १०.२१
निकाल ३० ऑगस्ट १९६५ चा, छापून आला एआयआर (ऑल इंडिया रिपोर्टर, निकालांचा संग्रह) १९६६ मध्ये. म्हणून दोन्ही वर्षं दिसतात. सायटेशन लिहिताना १९६६.

निवृत्त_नाझर | १०.२७
बाळा, पुणे लिहायच्या आधी एक सांग. फोन अ ने केला हे कळलं. प्रस्ताव कोणी दिला?

चहा_आणि_कलम | १०.२९
अ नेच, काका. फोन त्यानेच केला ना.

निवृत्त_नाझर | १०.३४
फोन करणारा म्हणजे प्रस्ताव देणारा, असं कुठल्याही कलमात नाही. फोन करून मी नुसता भाव विचारला तर तो प्रस्ताव होत नाही. समोरच्याने भाव सांगितला तरी तोही प्रस्ताव नव्हे, ती माहिती झाली. हार्वी विरुद्ध फेसी, १८९३, बंपर हॉल पेन ही जागा, 'कमीत कमी किंमत ९०० पौंड' अशी तार आली आणि घेणाऱ्याने 'घेतली' म्हणून उलट तार केली. प्रिव्ही कौन्सिल म्हणालं, करार झालाच नाही. तेव्हा अ काय बोलला, ब काय बोलला, शब्दशः लिही. जागेचा प्रश्न हवेतला नसतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २० खाली दावा एक तर प्रतिवादीच्या गावी चालतो, नाही तर जिथे दाव्याचं कारण पूर्ण किंवा अंशतः घडलं तिथे. करार अकोल्यात झाला तर पुण्याच्या व्यापाऱ्याला तारखेला विदर्भाची गाडी पकडावी लागू शकते. पक्षकाराचं अर्धं भांडण त्या तिकिटाचं असतं, हे मी नोकरीभर पाहिलं.

भाडेकरू_डोंबिवली | १०.३८
करारावर चर्चा चालू आहे म्हणून विचारतो. माझा अकरा महिन्यांचा करार आहे, मालक म्हणतात अकरा महिन्यांच्या आत असेल तर रजिस्टर करायची गरज नाही. खरं का?

निवृत्त_नाझर | १०.४३
खोटं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. लिव्ह अँड लायसन्स लेखी हवं आणि नोंदवलेलं हवं, महिने कितीही असोत. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. नसेल तर अटींबाबत तुमचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत.

भाडेकरू_डोंबिवली | १०.४४
वा! म्हणजे डिपॉझिट किती हे मी सांगेन ते?

निवृत्त_नाझर | १०.४५
मालकाकडे बँकेची पावती नसेल तोवर.

चहा_आणि_कलम | १०.५०
माझा धागा!! बरं, हा घ्या पूर्ण प्रश्न, सरांनी छापून दिलाय:

'पुण्याचा पशुखाद्य व्यापारी अ, अकोल्याच्या ऑईल मिलवाल्या ब ला फोन करतो. अ: ढेपेचा भाव काय? ब: क्विंटलला ३,०००. अ: १०० क्विंटल पाठवा. ब 'हो, पाठवतो' असे म्हणत असताना फोन कट होतो. ब लगेच व्हॉट्सऍपवर 'सौदा पक्का' असा मेसेज करतो. मेसेज पोहोचतो, पण अ तो वाचत नाही. तासाभराने अ मेसेज करतो, नको. करार झाला का? झाला तर कुठे?'

काळाकोट | १०.५२
हे आत्ता सांगतोयस?

चहा_आणि_कलम | १०.५३
मला वाटलं फोन महत्त्वाचा, बाकी सगळी सजावट.

वऱ्हाडी_ठेचा | १०.५४
पाहा. सरांनी पण ढेपच लिहिली.

बेअरऍक्टवाली | १०.५८
आता मजा आली. ब चा भाव म्हणजे माहिती, काका म्हणतात तसं. 'पाठवा' हा अ चा प्रस्ताव. 'हो' ही ब ची स्वीकृती. पण ती ऐकू आली का? बहुमताचा नियम घेतला तर न ऐकलेला 'हो' शून्य. एन्टोर्स या इंग्लंडमधल्या केसमध्ये न्यायाधीश डेनिंगनी हेच म्हटलंय, १९५५. नदीच्या दोन काठांवरून दोघं ओरडून बोलतायत, उत्तर देताना वरून विमान गेलं आणि ऐकू आलं नाही, तर करार नाही, परत ओरडावं लागेल. तुझं विमान म्हणजे कट झालेला कॉल. आणि गंमत बघ, हिदायतुल्लांचा नियम लावला तर 'हो' तोंडातून सुटला तिथेच अ बांधला गेला, अकोल्यात. मी उगाच वाद घालत नव्हते.

काळाकोट | ११.०४
मान्य, या प्रश्नात अल्पमताला वजन आहे. पण बहुमताने गेलो तरी अ सुटत नाही. ब ने परत ओरडलंय, मेसेजच्या रूपाने. आयटी (माहिती तंत्रज्ञान) ऍक्ट २०००, सेक्शन १३: ठरवून दिलेलं ठिकाण नसेल तर संदेश समोरच्याच्या यंत्रणेत शिरला की मिळाला. वाचला की नाही हा प्रश्न नाही. म्हणजे दोन राखाडी टिका पुरेशा, निळ्या व्हायची वाट बघायची गरज नाही. अ चं 'नको' तासाने आलं. सेक्शन ५ प्रमाणे प्रस्ताव मागे घ्यायचा तर स्वीकृती पूर्ण व्हायच्या आत.

टॉपर_९८ | ११.०८
निळ्या टिका बंद करून ठेवल्या असतील तर?

काळाकोट | ११.०९
म्हणूनच निळ्या टिकेवर कायदा उभा करू नये.

चहा_आणि_कलम | ११.१२
मग कुठे झाला? पुणे का अकोला? मी एक तास हेच विचारतोय!

निवृत्त_नाझर | ११.२०
असं लिही. पहिला परिच्छेद, प्रस्ताव कोणाचा, आणि का. दुसरा, तोंडी 'हो' ऐकू आला असेल तर केडियाप्रमाणे पुणे, आला नसेल तर त्या 'हो'ने करार नाही. इथे हिदायतुल्लांचं मत दोन ओळीत घाल. तिसरा, मेसेज. पत्रासारखा धरला तर पाठवला तिथे, अकोला. फोनसारखा तात्काळ धरला तर मिळाला तिथे. आणि आयटी ऍक्टप्रमाणे मिळाला ते ठिकाण म्हणजे अ चं व्यवसायाचं ठिकाण, तो त्या वेळी लोणावळ्यात चिक्की खात बसला असला तरी पुणे. सर पुणे म्हणाले ते बरोबरच, पण तीन जिने चढून बरोबर. आणि करार झाला का, याला तिन्ही वाटांनी उत्तर 'हो' येतं, हे शेवटी लिहायला विसरू नकोस. भांडण फक्त जागेचं उरतं.

बेअरऍक्टवाली | ११.२४
आणि बिलाखाली 'अकोला न्यायक्षेत्र' छापलेलं असेल तर हे सगळं बाजूला राहतं, ते वेगळं.

चहा_आणि_कलम | ११.२५
कृपा करून नवीन बिल आणू नका.

वऱ्हाडी_ठेचा | ११.३१
बिलाखाली तसं छापतेच, आमच्या अडत्याच्या बिलावर बी हाय. फोटो टाकू का?

चहा_आणि_कलम | सोमवार, दुपारी १.१५
दिलं. सरांनी उभ्या उभ्या वाचलं. केडिया, एन्टोर्स, अल्पमत, सगळ्यावर मान हलवली. मग विचारलं, 'अ ला हो ऐकू आला नाही, हे अ सोडून कोण सांगणार?' मी म्हटलं, कॉल कट झाल्याची वेळ दिसेल. सर म्हणाले, 'वेळ दिसेल, हो कुठे दिसेल?' मग मी गप्प.

काळाकोट | १.२२
ते साक्ष्य अधिनियमाचं. तो पेपर आला की नवा धागा काढ.

भाडेकरू_डोंबिवली | १.४०
नाझर काका, मालकाने पावती शोधून काढली.