मदत हवी आहे: माझ्या अंत्ययात्रेला काय लावावं?

सांगलीकर_काका

मंडळी, आधीच सांगतो, तब्येत ठणठणीत आहे. वय ७१. मध्यंतरी एका मित्राला पोचवायला गेलो होतो. जन्मभर मैफली ऐकलेला माणूस, आणि उशाशी ठेवलेल्या मंत्राच्या डबीतून एकच ओळ तासन्‌तास चालू. म्हटलं, आपलं आपण ठरवून ठेवलेलं बरं. ही म्हणते, ‘अभद्र बोलू नका.’ मुलगा बंगळूरला असतो, तो म्हणतो, ‘बाबा, यादी व्हॉट्सॲपवर टाका.’

एक गोष्ट पक्की आहे: गवई अब्दुल करीम खाँसाहेबांची भैरवी रागातली ठुमरी ‘जमुना के तीर’. मैफल भैरवीनेच संपवायची असते, त्यामुळे राग कुठला हा प्रश्न मिटला. शिवाय आम्हा मिरज-सांगलीच्या लोकांचा खाँसाहेबांवर हक्क आहे. १९३७ मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना त्यांना अस्वस्थ वाटू लागलं, म्हणून वाटेत सिंगपेरुमलकोइल स्टेशनवर उतरले. तिथे तंबोरा लावून घेतला आणि सुरातच गेले, असं सांगतात. दफन मिरजेच्या दर्ग्यात झालं. उरुसात त्यांच्या नावाने गाणं होतं, ते मी शक्यतो चुकवत नाही.

पण ती पडली जुनी तबकडी, तीन-साडेतीन मिनिटांत संपते. घरी अंघोळ, हार, बाहेरगावची माणसं येईपर्यंत दोन-तीन तास सहज जातात. तेवढा वेळ काय लावायचं? रागाची वेळ पाळायची म्हटलं तर आपण कधी जाणार हे ठाऊक नाही. सकाळी गेलो तर सकाळचा राग तोडी चालेल. संध्याकाळी मारवा लावायला धीर होत नाही. त्या रागात पंचम म्हणजे ‘प’ नाही, षड्जावर म्हणजे ‘सा’वरही धड टेकू देत नाही. जमलेली माणसं आणखी बेचैन व्हायची.

दुसरं म्हणजे धाकटा भाऊ माळकरी. त्याचं भजनी मंडळ टाळ-मृदंग घेऊन येणार आणि ‘आम्ही जातो आपुल्या गावा’ म्हणणार. तुकोबांपुढे माझ्या यादीची काय पत्रास! पण दोन्ही एकदम वाजायला नको.

खर्जातला

काका, घरी गाणं लावूच नका. नुसता तंबोरा लावा, तंबोरे घडवणाऱ्या मिरजेच्या शेजारी राहून एवढं सुचलं नाही? त्याला सकाळ-संध्याकाळ नाही, माणसं हळू आवाजात बोलू शकतात, रडणाऱ्याला आडकाठी होत नाही. मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप मिळतं, तासन्‌तास चालतं. रस्ता भजनी मंडळाला द्या. भैरवी स्मशानात, अग्नी द्यायच्या आधी. तेव्हा सगळे उभे असतात आणि गप्प असतात.

कोथरूडची_माई

मृत्युपत्रात लिहू नका. आमच्याकडे ते तेराव्यानंतर उघडलं. वेगळ्या कागदावर लिहा आणि जो त्या दिवशी धावपळ करणार आहे त्याच्या हातात द्या. मुलगा नको, तो विधींत अडकलेला असतो. पुतण्या किंवा शेजारी बघा. गाणं फोनमध्ये उतरवून ठेवा, नेटवरून लावू नका. आईच्या वेळी अभंगाच्या मध्येच विम्याची जाहिरात लागली. फोन एरोप्लेन मोडवर हवा, नाहीतर ‘कधी नेणार?’ विचारणाऱ्यांची रिंग स्पीकरवर वाजते.

स्पष्टवक्ता

तुम्ही ऐकायला नसणार. मग हा खटाटोप कुणासाठी?

वाड्यावरचो

गोव्यात ख्रिस्ती अंत्ययात्रेला पितळी वाद्यांचा बँड असतो. कोणाला त्यात गैर वाटत नाही. काका, बिनधास्त लावा.

सांगलीकर_काका

खर्जातले, तंबोरा ठरला! स्पष्टवक्ता, आयुष्यभर घरात रेडिओवर काय लागणार हे मीच ठरवलं, एक दिवस आणखी. माईंचं ऐकून पुतण्याला बोलावलं. त्याने भैरवी फोनमध्ये उतरवली आणि ‘काका - शेवट’ असं नाव दिलं. हिने ते वाचून त्याला चहा दिला नाही.

आता पट्टीचं, म्हणजे ‘सा’ किती उंच धरायचा त्याचं, बघा. मी पेटीच्या काळी एक पट्टीचा तंबोरा लावणार, भावाचं मंडळ चांगलं चढ्या पट्टीत गातं. ते दारात आले की तंबोरा बंद करायचा, की आधीपासूनच त्यांच्या पट्टीत लावून ठेवायचा? भजनी मंडळात गाणारं कुणी असेल तर सांगा.