मदत हवी आहे: आंब्याचा वॉफल मऊ पडतो आणि साच्याला चिकटतो

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात लेकीचा आठवा वाढदिवस आहे. मैत्रिणी धरून बारा मुली होतील. केकऐवजी वॉफल हवेत असा हट्ट आहे, तेही आंब्याचे. वरून फोडी टाकलेल्या चालणार नाहीत, चव आतून लागली पाहिजे म्हणते. सासूबाईही खाणार, त्यामुळे अंडं नको. मशीन साधं, विजेवरचं, एका वेळी दोन निघतात.

पहिल्यांदा एक कप मैदा, 2 टेबलस्पून साखर, दीड टीस्पून बेकिंग पावडर, पाऊण कप दूध, 3 टेबलस्पून वितळलेलं लोणी आणि पाऊण कप हापूसचा रस असं घेतलं. वरून करपत आलेला, आत शिऱ्यासारखा ओला. झाकण उघडलं तर अर्धा वर, अर्धा खाली. खाचांतलं चिकटलेलं काढता काढता रात्रीचे अकरा वाजले.

दुसऱ्यांदा दूध निम्मं केलं, रस तेवढाच ठेवला. चव इतकी सुरेख की सगळ्यांनी बोटं चाटली. पण ताटात घेतल्यावर दोन मिनिटांत घडीच्या पोळीसारखा लवला.

मग फ्रीझरमध्ये ठेवलेली महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी वाटून घातली. बेकिंग पावडर संपली होती म्हणून अर्धा टीस्पून खायचा सोडा घातला. छान गुलाबी पीठ बघता बघता करडं झालं. लेकीने हातही लावला नाही.

रस घालूनही कुरकुरीत कसा करायचा? हापूस महाग आहे, प्रयोग करून वाया घालवायला जीव होत नाही. जाणकारांनी कृपया सांगा.

---

तुमचं प्रमाण चुकलेलं नाही, रसात पाणी फार आहे. आंब्याच्या गरात पाच भागांतले चार भाग पाणीच असतं. ते उडून जाईपर्यंत रसातली साखर साच्याला लागून करपते. म्हणून बाहेर काळा, आत कच्चा.

रस आधी आटवा. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, सतत ढवळत. एक कपाचा पाव ते अर्धा कप झाला आणि उलथन्याची रेघ तळाशी टिकली की बास. आंब्याचा मावा करताना अजून पुढे जातो, तितकं नको. पूर्ण गार करून एक कप मैद्याला 4 टेबलस्पून घाला. पिठातली साखर बंदच करा, आटवलेल्या रसात पुरेशी असते. चिमूटभर मीठ मात्र विसरू नका, आंबा खुलतो.

---

अगं, रंग बिघडला तो सोड्यामुळे. स्ट्रॉबेरी, जांभूळ यांचा रंग आंबट पदार्थात लाल राहतो आणि सोडा पडला की निळसर-करडा होतो. पुढच्या वेळी बेकिंग पावडरच घे आणि एक चमचा लिंबाचा रस पिळ. स्ट्रॉबेरीही आटवून घे, तिच्यात आंब्याहून जास्त पाणी.

अननसाचा विचार असेल तर कच्चा वाटून दुधाच्या पिठात घालू नकोस. त्यातलं पाचक द्रव्य दुधातली प्रथिनं मोडतं आणि कडवट चव येते. मी एकदा पूर्ण पातेलंभर पीठ ओतून दिलंय. आधी पाच-सात मिनिटं खळखळून शिजवला की काही होत नाही.

---

कुरकुरीतपणासाठी पाव कप मैदा काढून तेवढं कॉर्नफ्लोर किंवा तांदळाची पिठी घाला. लोण्यात पाणी असतं, त्याऐवजी तेल किंवा साजूक तूप घ्या. आंब्याला तूप फार शोभतं. पीठ भज्याच्या पिठाएवढं घट्ट हवं.

मशीनवरचा दिवा बदलला म्हणून लगेच झाकण उघडू नका. कडेने येणारी वाफ जवळजवळ थांबेपर्यंत थांबा. आमच्याकडे पाच-सहा मिनिटं लागतात. काढल्यावर ताटात ठेवलात की खालची वाफ आतच कोंडते, म्हणून जाळीवर उभे किंवा सुटे ठेवा. एकावर एक तर अजिबात नाही.

---

(धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार! काल दोन हापूस आटवले, साजूक तूप आणि तांदळाची पिठी घातली. वाफ थांबेपर्यंत सहा मिनिटं झाकणाला हात लावला नाही. अख्खा सुटला! कडा कटकन मोडली, आत पिवळाधमक. सासूबाईंनी दुसरा मागून घेतला.

आता एकच अडचण. बारा मुलींसाठी चोवीस तरी लागतील, आणि एका वेळी दोनच निघतात. पहिले गार होणार. काय करू?

---

सकाळीच करून जाळीवर पूर्ण गार करा आणि डब्यात भरा. मुली आल्या की ओव्हन 180 अंशांवर तापवून जाळीवरच पाच मिनिटं. ओव्हन नसेल तर त्याच मशीनमध्ये मिनिटभर दाबा, पुन्हा कुरकुरीत होतात. मायक्रोवेव्हमध्ये मात्र नको, लगेच चिवट होतात. आटवलेला रस आदल्या दिवशीच करून फ्रिजमध्ये ठेवा, सकाळची धांदल निम्मी होईल.