विषय: ग्रेट अल्पाइन रोड (व्हिक्टोरिया, ऑस्ट्रेलिया) – ब्राइटवरून परत की पुढे?

नमस्कार मंडळी,
एप्रिलमध्ये सासू-सासरे येताहेत. ब्राइट गावची पानगळ दाखवायची हे नक्की. तिथून हॉथमचा डोंगर ओलांडून बेअर्न्सडेलला उतरावं, की मुकाट्यानं ह्यूम फ्रीवेनं मेलबर्नला परतावं? सासूबाईंना गाडी लागते.

----
ताई,
पुढेच जा. ब्राइटहून मागे फिरणं म्हणजे वाढल्या ताटावरून उठणं.

हा अख्खा रस्ता वांगरॅटा ते बेअर्न्सडेल 308 किलोमीटर. सुरुवातीला ओव्हन्स नदीचं सपाट खोरं. मर्टलफर्डच्या आसपास शेतांत पत्र्याच्या उंच, बिनखिडकीच्या खोल्या दिसतील, त्या तंबाखूच्या भट्ट्या. 2006 साली इथली तंबाखू बंद झाली, भट्ट्या तशाच उभ्या. आमचे बाबा निपाणीचे. गाडी थांबवायला लावून कुंपणाशी कितीतरी वेळ उभे राहिले. म्हणाले, "आपण उन्हात वाळवायचो, हे शेकत होते की!" ब्राइटच्या लाल-पिवळ्या पानांचा एकही फोटो काढला नाही त्यांनी.

खरा घाट हॅरिएटव्हिलला सुरू होतो. जेमतेम 30 किलोमीटरांत पाचशे मीटरवरून अठराशेच्या वर. वळणं आंबेनळीसारखी, पण खड्डा नाही आणि गरम भजीही नाहीत. वर बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवा आणि आलेपाक हाताशी ठेवा. माथ्यावर रस्त्याकडेला बर्फात वाट कळावी म्हणून खांब रोवलेत. खाली उतारावर 2003च्या वणव्यात होरपळलेले स्नो गम, म्हणजे थंड डोंगरांवरचे निलगिरी, हाडांसारखे पांढरे.

पलीकडचा, ओमिओ गावाकडचा उतार सौम्य आहे, म्हणून जायचं ते याच दिशेनं. उलट जाऊन हॅरिएटव्हिलला उतरताना आम्ही ब्रेकचा जळका वास घेतलाय. पेट्रोल ब्राइटलाच भरा. ओमिओनंतर टॅम्बो नदी सोबत करते, पण अंधाराच्या आत ब्रुथेन गाठा, संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात.

----
काका, खूप आभार! चाकांच्या साखळ्या लागतील का?

----
मध्येच बोलतो. साखळ्या जूनमध्ये बर्फाचा हंगाम जाहीर झाला की सक्तीच्या, एप्रिलमध्ये नाहीत. पण स्वेटर डिकीत नको, हाताशी ठेवा. आणि एका दिवसात उरकू नका, ओमिओला मुक्काम करा.

----
ठरलं, ओमिओला मुक्काम. सासऱ्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, त्या भट्ट्या रस्त्याच्या कुठल्या बाजूला ते विचारून ठेव. काका?