बागेतल्या तळ्याचा पंप बंद पडला तेव्हा : अनुभव सांगा

टिळकवाडी, बेळगाव

आमच्या परसात आठ फूट लांब, चार फूट रुंद, दीड फूट खोल तळं आहे. पाणी साधारण तेराशे लिटर, त्यात सोनेरी मासे आणि एक कमळ. गेल्या मे महिन्यात एका सकाळी कारंजं थांबलेलं दिसलं आणि मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेत होते. दुकानात पंप दाखवला तर उत्तर आलं, "जळलाय, नवीन घ्या." मला ते पटेना, कारण पंप कानाशी धरला की बारीक गुणगुण ऐकू येत होती. कॉइल जळली असती तर तो मुकाच राहिला असता.

घरी येऊन पिन काढलेली आहे ना ते पुन्हा पाहिलं, पुढची जाळी काढली, झाकण फिरवलं. आत पात्यांना जोडलेलं गोल चुंबक असतं. तेच फिरून पाणी ढकलतं. त्याच्यावर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर इतका चढला होता की बोटानं फिरेना. गरम पाण्यात चमचाभर लिंबूसत्व घालून अर्धा तास भिजवलं आणि जुन्या टूथब्रशनं घासलं. एकच काळजी घ्या. मधला शाफ्ट, म्हणजे चुंबक ज्यावर फिरतं ती दांडी, बहुतेक चिनी मातीचा असतो, जोर लावला की काडीसारखा तुटतो. चुंबक सरळ वर ओढायचं, तिरपं नाही.

पंप चालू झाला, अजून चालतोय. चांगला पंप फेकला जातो याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून हा धागा. तुम्ही काय केलंत, किती दिवस टिकलं, मासे वाचले का, सविस्तर लिहा. आपल्याकडचं पाणी, पाऊस आणि वीज आपल्यालाच ठाऊक.

खानापूर तालुका

आमच्याकडे क्षारांचा त्रास नाही, तांबड्या मातीचा आहे. जून-जुलैत पाऊस लागला की अंगणातली सगळी माती वाहून तळ्यात येते. पंप तळाशी ठेवला होता, तो आठवड्याला गाळ खाऊन अडकायचा. आता जांभ्याचा एक चिरा पाण्यात ठेवलाय, त्यावर भाजीची प्लॅस्टिकची टोपली, टोपलीला नायलॉनची जाळी गुंडाळलेली आणि पंप त्या टोपलीत. टोपली पंधरा दिवसांतून एकदा धुतो, बास.

पण मला खरं सांगायचंय ते विजेबद्दल. पंपाची वायर आखूड होती म्हणून आम्ही पाण्याजवळच जोड देऊन काळी टेप गुंडाळली होती. एके दिवशी शेजारच्या काकांनी पाण्यात हात घातला आणि म्हणाले, "अरे, हाताला मुंग्या येऊलाल्यात की!" मी धावत जाऊन मेन स्विच बंद केला. एमसीबी पडलाच नव्हता. एवढ्या थोड्या गळतीला तो पडतही नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, लागतो. तो बसवून घेतला आणि अखंड वायरचा नवीन पंप आणला. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी पंपाच्या आधी हे बघा. चालू पंपाच्या पाण्यात हात घालू नका, दोन मिनिटांचं काम असलं तरी.

निपाणी

मी बदलताना चुकलो ते सांगतो. डब्यावर ताशी 1100 लिटर लिहिलेलं बघून 18 वॅटचा पंप घेतला. आमचा धबधबा पाच फूट उंच, पाणी नुसतं ओघळायला लागलं. डब्यावरचा आकडा शून्य उंचीचा, म्हणजे पाणी वर चढवायचं नसतानाचा असतो. तो पंप पाणी जास्तीत जास्त सहा फूट चढवू शकत होता, त्या टोकाजवळ धार जवळजवळ संपते.

दहा लिटरची बादली धबधब्याखाली धरून मोजलं, भरायला अडीच मिनिटं. म्हणजे ताशी 240 लिटर. मग पाणी तीन मीटरपर्यंत चढवणारा 40 वॅटचा पंप आणला आणि अर्ध्या इंचाची नळी काढून एक इंची टाकली. आता तीच बादली अर्ध्या मिनिटात भरते. आधी उंची मोजा, मग दुकानात जा.

चिकोडी

जळलेला पंप मोटर रिवायंडिंगवाल्याकडे नेला होता. ते म्हणाले, "मालक, ह्याची कॉइल रेझिनमध्ये बुडवलेली असते, खोलता येत नाही." अर्धा एचपीची मोटर असती तर भरून दिली असती. आमचा जळला तो उन्हाळ्यात पाणी आटून पंप उघडा पडल्यामुळे. आता तळ्याच्या काठावर रंगाची खूण केली आहे, पाणी त्याखाली गेलं की आई बादली ओतते.

शहापूर, बेळगाव

आमचा पंप रात्री दहाला बंद पडला, दुकानं बंद. पाण्यातला प्राणवायू पहाटे सगळ्यात कमी असतो, शेवाळ जास्त असेल तर आणखीच, हे माहीत होतं. म्हणून मी आणि माझी मुलगी आळीपाळीनं उठलो. दर तासाला तांब्यानं तळ्यातलंच पाणी घ्यायचं, हात उंच करून परत सोडायचं, पंधरा-वीस वेळा. खायला काही घातलं नाही, त्यानं पाणी आणखी बिघडतं.

दुसऱ्या दिवशी पंप उघडला तर पात्यात गोगलगाईचं शंख अडकलेलं. काढलं आणि सुरू झाला. पण त्याआधी, पहाटे साडेपाचला, मुलगी टॉर्च घेऊन गेली होती. परत येऊन म्हणाली, "बाबा, सगळे खाली आहेत, कमळाच्या मुळाशी. वर कुणीच नाही."

मग आम्ही दोघं झोपलो.