निर्धारक, प्रतिबंध... गावच्या पत्रकात लिहायचं काय?

सातपुडा: नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडच्या पाड्यांसाठी आरोग्याचं पत्रक मराठीत करतोय. आजार नुसत्या जंतूंनी होत नाही, पाणी, घर, शिक्षण, ऊसतोडीला गुजरातेत जाणं या सगळ्याचा तब्येतीशी संबंध असतो, असा मुद्दा. मसुद्यात आलंय 'आरोग्याचे सामाजिक निर्धारक'. वर 'आजार प्रतिबंध' वाचून एका दादाने विचारलं, बंदी कशावर घातली? सुचवा काहीतरी.

शब्दवेडा: निर्धारक बरोबरच आहे. कर निर्धारण चालतं ना? १८९७चा कायदाही आपण साथरोग प्रतिबंधकच म्हणतो. सोपं करता करता भाषा पातळ व्हायची.

गिरणाई: सर, तो कायदा लोकांना कळला लॉकडाऊनमध्ये पोलिसांची काठी बसल्यावर 😄 आणि निर्धार म्हटलं की आमच्याकडे निर्धार मेळावाच आठवतो, मंडप नि खुर्च्या. 'आजारामागची कारणं' लिहा. प्रतिबंध काढून सरळ 'आजार होऊच नये म्हणून'.

शब्दवेडा: कारण वेगळं, निर्धारक वेगळा. क्षयाचं कारण जंतू. एका कोंदट खोलीत सगळं घर झोपतं, पोटाला पुरेसं नाही, त्यालाही कारणच म्हणणार का?

तापीकाठ: म्हणणार की! नारू, म्हणजे पिण्याच्या पाण्यातून होणारा जंताचा रोग, कशाने गेला? त्यावर ना लस होती ना औषध, पाणी फडक्याने गाळायचं, पायऱ्यांच्या विहिरीत उतरायचं नाही, हातपंप बसवायचे, एवढ्यावर २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. लोकांना सांगायचं काय, तर पाणी गाळून प्या. झालं.

गिरणाई: मग अहिराणीतच लिहा ना, पानी गाळीसन प्या.

सातपुडा: ताई, धडगावला पावरी बोलतात, अहिराणी नाही चालायची तिथे.

यावलकर: नारूवरून आठवलं, पटकी, म्हणजे कॉलरा, हा शब्द माणसाला पटकन नेते म्हणून आलाय म्हणे. आजी चिडली की 'तुला पटकी येवो' म्हणायची.

शब्दवेडा: असल्या व्युत्पत्त्या आजीकडेच ठेवा. प्लेग काय सावकाश न्यायचा? त्याला छापील मराठीत ग्रंथिक सन्निपात म्हणत.

गिरणाई: कुठे गेला तो सन्निपात? प्लेगच राहिला ना!

सातपुडा: अहो, 'प्रतिबंध'चं काय करू? पत्रक छापायला द्यायचंय.

तापीकाठ: 'अटकाव' टाका.

शब्दवेडा: अटकाव म्हणजे अडवणूक. त्यापेक्षा बंदी बरी.

यावलकर: पण पटकी पटकनवरून नाही तर मग कशावरून, ते तरी सांगा.