थारला एटी टायर घेऊ की एमटी? पुणे ते देवरुख, शेवटचे दोन किलोमीटर लाल चिखल

पऱ्यापलीकडचा

नमस्कार मंडळी, गणपतीच्या आधी निर्णय घ्यायचाय म्हणून सविस्तर लिहितोय. गाडी थार २०२१ ची, डिझेल मॅन्युअल फोर बाय फोर, टायर गाडीबरोबर आलेलेच आहेत, २५५/६५ आर १८ (रुंदी मिमीत, साईडवॉल रुंदीच्या किती टक्के, रिम इंचात), एटी म्हणजे ऑल टेरेन, सगळ्या रस्त्यांसाठीचे. ४८ हजार किमी झालेत. राहायला पुण्यात, गाव देवरुखच्या पुढे, आई तिथे एकटी असते, वय ७४, पुण्यात यायला तयार नाही, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी जाणं होतंच. कराड, मलकापूर, आंबा घाट, साखरपा असा सगळा डांबरी रस्ता, पण शेवटचे दोन किलोमीटर वाडीची पाणंद, निव्वळ लाल माती, मधे एक पऱ्या (छोटा ओढा) लागतो आणि पऱ्या ओलांडला की लगेच चढाची घाटी.

जुलैत रात्री साडेनऊला त्या घाटीत अडकलो. फोर लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारी रेंज) टाकला होता, पहिला गिअर, तरी अर्ध्यात चारही चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि गाडी हळूहळू मागे आणि बाजूला सरकायला लागली, एका बाजूला शेताचा बांध आणि खाली सहा-सात फूट. खाली उतरून बॅटरीने बघितलं तर टायरवर नक्षी दिसतच नव्हती, लाल मातीचा एक सलग गुळगुळीत पट्टा झाला होता. वाडीतली पोरं आली, जांभ्या दगडाचे चिरे आणि ऐनाच्या फांद्या चाकाखाली घातल्या, दोर लावला, तेव्हा सव्वाअकराला घरी पोचलो. आई ओटीवर बसून होती.

तेव्हापासून डोक्यात एकच आहे की उद्या तिला रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर? म्हणून एमटी (मड टेरेन, खास चिखलासाठीचे) टाकायचं जवळपास ठरवलंय. ज्यांनी दोन्ही वापरलेत त्यांनी सांगा, बरोबर करतोय का?

काळी_माती_परभणी

दादा, मी एमटीवालाच आहे. शेतात जायला जुनी फोर बाय फोर आहे आणि सहा वर्षं एमटीवरच चालवतोय, त्यामुळे एमटीच्या विरोधात मी बोलणार नाही. पण आमच्या काळ्या मातीचा चिखल वेगळा आणि तुमचा वेगळा. आमच्याकडे पाऊस पडला की माती नुसती निसरडी होत नाही, ती चिकटते. पायात चप्पल घालून दहा पावलं चाला, प्रत्येक पायाला किलोभर गोळा. टायरचं तेच होतं, आधी खाचा भरतात, मग चाक आणि मडगार्ड यांच्यामधली जागा भरते, आणि मग चाक फिरायचंच बंद होतं. एटी असताना मी खुरपं घेऊन चिखलात बसून मडगार्डमधली माती खरवडून काढलेली आहे, वाफसा येईपर्यंत गाडी शेतातच ठेवून घरी चालत आलेलो आहे.

एमटीच्या खाचा रुंद आणि खोल असतात, नक्षीचे गोटे मोठे आणि लांब लांब, त्यामुळे चाकाला जरा वेग दिला की माती बाहेर फेकली जाते आणि पुढच्या फेऱ्याला टायर परत चावतो. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची नक्षी बघा, तेच तत्त्व. पण तुम्ही म्हणताय की घाटीत एका बाजूला सहा फुटांचा खड्डा आहे. तिथे माती फेकायला रेस देणार का तुम्ही? आमच्याकडे सपाट आहे, गाडी घसरली तर कपाशीत जाते. आणि माझी गाडी महिन्याला डांबरावर शंभर किलोमीटर पण चालत नाही हेही लक्षात घ्या.

कराड_टायरवाले

टायरचं दुकान आहे, बावीस वर्षं हेच करतोय. साहेब, आधी एक सांगा, टायरच्या खाचांची खोली मोजली का? दुकानात जाऊन गेज लावून घ्या, चारही टायर, प्रत्येकी तीन जागी. नवीन एटीला साधारण ११-१२ मिलीमीटरच्या आसपास खोली असते, एमटीला त्याहून जास्त. कायद्याने १.६ मिमीपर्यंत चालवता येतो, टायरमध्ये ती खूण असते, पण चिखलातलं काम त्याच्या कितीतरी आधी संपतं. ४८ हजाराला तुमचे किती राहिलेत ते कळलं की मग बोलू. आणि घाटीत हवा किती होती तेही लिहा.

पऱ्यापलीकडचा

काका, आज मोजून आलो. पुढचे ४, मागचे साडेतीन. हवा म्हणाल तर पुण्यातून निघताना ३४ भरून निघतो, हायवेला बरी पडते म्हणून, आणि तीच घाटीत होती.

कराड_टायरवाले

मग साहेब, तुमच्याकडे एटी आहेत असं म्हणूच नका. साडेतीन मिमीवर राहिलेला एटी चिखलात गुळगुळीत झालेल्या टायरसारखाच वागतो, नुसतं बाजूला नाव लिहिलेलं आहे. त्यात ३४ हवा, म्हणजे टायर फुगून मधल्या पट्ट्यावर जास्त टेकणार. त्या रात्री एटी कमी पडले नाहीत, झिजलेले टायर आणि हवा कमी पडली. एमटी टाकून तुम्ही चढाल, नाही म्हणत नाही, पण नवा एटी टाकूनही चढाल अशी माझी खात्री आहे.

आता घेताना काय बघायचं ते सांगतो कारण माणसं भाव विचारतात आणि बाकी काही बघत नाहीत. लोड इंडेक्स आत्ता टायरवर जो आहे त्याच्या खाली जायचं नाही, १११ असेल तर एका टायरला १०९० किलो. स्पीडचं अक्षर, बऱ्याच एमटीला क्यू असतं म्हणजे १६० पर्यंत, ते ठीक आहे. टायरवर डॉट (DOT) लिहिलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. जुना माल गळ्यात मारून घेऊ नका. आणि पाचही घ्या, स्टेपनीसकट. फोर बाय फोरमध्ये पुढे एक आणि मागे एक घेराचा टायर टाकून लोक येतात, पुढची-मागची चाकं वेगवेगळे फेरे मारतात आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीवर) जातो.

एलटी (लाईट ट्रक) बांधणीचे टायर मागितलेत तर साईडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, जाड मिळेल, चिऱ्याच्या धारेला चांगलं, पण वजन वाढतं, गाडी जड वाटते आणि डिझेल जरा जास्त खाते.

फोर_लो_पुणे

मी दोन्ही वापरलेत म्हणून लिहितो, तेही थारवरच. २०२२ मध्ये एमटी टाकले, दिसायला गाडी काय दिसायची, खोटं कशाला बोलू, मुख्य कारण तेच होतं. चिखलात एक नंबर, त्याबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही. पण जुलैत ताम्हिणीत, वेग ४५ पण नसेल, पाऊस चालू, धुकं, वळणावर समोर एक टेम्पो अर्ध्या रस्त्यात उभा. ब्रेक मारला. एबीएसचा खडखड आवाज पायाखाली जाणवत होता आणि गाडी थांबतच नव्हती, सरळ जात होती, स्टिअरिंग वळवलेलं तरी सरळ. कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. बायको आणि मुलगी गाडीत होत्या. घरी येईपर्यंत कोणी बोललं नाही.

नंतर समजून घेतलं तेव्हा कळलं. ओल्या डांबरावर पकड गोट्यांच्या आकारावर नसते, रबर किती टेकतंय आणि त्या गोट्यांवर बारीक चिरा किती आहेत त्यावर असते. त्या चिरा पाण्याचा पातळ थर फोडतात. एटीला त्या भरपूर असतात, एमटीला फार कमी, शिवाय खाचा मोठ्या म्हणजे टेकणारं रबरच कमी. हल्ली काही एमटीला पण चिरा देतात आणि ते आधीच्यांपेक्षा बरे आहेत, पण चांगल्या एटीच्या बरोबरीने ओल्यात थांबत नाहीत.

आता तुमचा हिशोब करा. एका फेरीत पाचशेच्या वर किलोमीटर डांबर, त्यात आंबा घाट दोनदा, पावसाळ्यात. चिखल येऊनजाऊन चार किलोमीटर. आईला रात्री न्यायचं म्हणताय ना, तर ती दोन किलोमीटरची पाणंद उतरल्यावर पुढे देवरुख किंवा रत्नागिरीपर्यंत ओल्या डांबरावर तुम्ही घाईत असणार. घाईत असलेल्या माणसाला ब्रेक लागतो. मी असतो तर डोळे झाकून एटी.

आणि हवा! ३४ वर चिखलात शिरूच नका. पऱ्याच्या अलीकडे थांबून २० वर आणा, चार टायरना दहा मिनिटं लागतात. टायर लांब पसरतो, रुंदीपेक्षा लांबी जास्त वाढते, आणि मऊ झाल्यामुळे वाकतो तसा खाचांतली माती पण सुटते. मग वेग कमी ठेवायचा, झटक्यात स्टिअरिंग नाही. फोर लोमध्ये पहिला नको, दुसरा टाका, पहिल्यात जोर इतका येतो की चाक लगेच सुटतं. एकच पाय, सारखा दाब, मधे थांबायचं नाही. मागचं एमएलडी, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र बांधणारं लॉक, एक चाक जास्त फिरलं की आपोआप लॉक होतं, खट् आवाज येतो, त्याला घाबरून पाय काढू नका. पण त्याच वेळी मागचा भाग उताराकडे सरकू शकतो, तुमच्या घाटीला कड आहे म्हणून मुद्दाम सांगतोय. डॅशला लागणारा छोटा कॉम्प्रेसर घेऊन ठेवा, डांबर लागलं की परत हवा भरायचीच, २० वर वेगात चालवली तर टायर तापून फुटेल.

सड्यावरची_कुडाळ

दादा, मी कोकणातलीच, जिम्नी चालवते, शाळेत शिक्षिका आहे, पावसाळ्यात रोज २२ किलोमीटर जाऊन-येऊन आणि त्यातले चार लाल मातीचे. गाडीबरोबर १९५/८० आर १५ चे एचटी (हायवेचे, डांबरासाठीचे) आले होते, ते पहिल्या पावसातच काढले आणि २१५/७५ आर १५ एटी टाकले, घेर जेमतेम दीड टक्का वाढला, मीटरमध्ये फरक जाणवत नाही.

आपली लाल माती वरून लोण्यासारखी असते पण बहुतेक ठिकाणी वीतभर खाली जांभा किंवा घट्ट मुरूम असतो. टायरला तिथपर्यंत पोचता आलं की पकड मिळते, काळ्या मातीसारखं तळच नाही असं होत नाही. आमच्याकडे पावसाच्या सुरुवातीचे आठ दिवस सगळ्यात वाईट, नंतर वरची माती वाहून गेली की उलट बरं होतं. पण शेवाळ धरलेला कातळ असेल तर तिथे एमटी घेऊन जाऊच नका, साबणावर चालल्यासारखं होतं, एटीच्या मऊ बारीक चिरा तिथे जास्त धरतात. तुमच्या पऱ्यात कातळ आहे का?

दुसरं म्हणजे चाकोऱ्या. भाताच्या लावणीच्या दिवसांत ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर जातात आणि पाणंदीत खोल चाकोऱ्या पडतात. थारचं पोट जमिनीपासून २२६ मिमी आहे असं कंपनी सांगते, पण मागच्या एक्सलचा गोळा चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर टेकला की कुठलाही टायर असू दे, चाकं हवेत फिरणार. चाकोरीत चाक घालू नका, एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि एक कडेला ठेवून चला. आणि खरं सांगू का, टायरच्या पैशातले थोडे वाचवून घाटीच्या त्या तीस-चाळीस फुटांत दोन डंपर जांभ्याचा चुरा टाकून घ्या. वाडीत वर्गणी काढली तर जमतं, आमच्या वाडीने तसंच केलं, वरच्या बाजूने पाणी जायला चर मात्र काढायला हवा, नाहीतर पहिल्याच पावसात सगळं पऱ्यात.

काळी_माती_परभणी

ताई म्हणतायत ते पटलं. आमच्याकडे खाली काही लागतच नाही, कितीही खोल जा. दादा, तुमच्या रस्त्याला एटी.

पऱ्यापलीकडचा

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, हो, पऱ्यात सलग कातळ आहे, शेवाळ पण असतं, तो विचार मी केलाच नव्हता. काका, एक शेवटचं विचारतो, बेस मॉडेलला १६ इंची चाकं यायची २४५/७५ ची, ती लावून साईडवॉल वाढवू का? हवा कमी करायला बरं ना?

कराड_टायरवाले

साईडवॉल १६६ ची १८४ मिमी होते, हवा काढल्यावर टायर जास्त चांगला पसरतो, दगडावर रिमला मार कमी. पण रिमचे वेगळे पैसे. ते माप कंपनीनेच थारला दिलेलं आहे त्यामुळे अडचण नाही. उगाच २६५/७५ वगैरे टाकायला जाऊ नका, घेर जवळपास चार टक्के वाढतो, मीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८३ वर असेल, वाढणार काय तर पंधरा मिमी उंची. तुम्हाला १८ मध्येच चांगला एटी मिळेल, पैसे त्या डंपरला द्या.

पऱ्यापलीकडचा

चतुर्थीच्या आदल्या दिवशी जाऊन आलो म्हणून लिहितोय. १८ मध्येच पाच नवीन एटी घेतले. सकाळपासून पाऊस चालूच होता. आंबा घाटात दोनदा मुद्दाम मागे कोणी नाही बघून जोरात ब्रेक मारून बघितला, गाडी सरळ थांबली. पऱ्याच्या अलीकडे थांबून २० वर हवा आणली, सात मिनिटं लागली. फोर लो, दुसरा गिअर. घाटीच्या वळणावर मागची बाजू एकदा कडेकडे सरकली, काळजात धस्स झालं, पण पाय तसाच धरून ठेवला आणि खट् आवाज आला आणि गाडीने पकडलं. वर जाऊन खाली उतरून टायर बघितले, खाचांत माती होती पण प्रत्येक गोटा वेगळा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी आईला पुढे बसवून मुद्दाम खाली पऱ्यापर्यंत नेऊन परत वर आणलं. वाडीत वर्गणीचं बोललोय, आठ घरं तयार आहेत, दिवाळीनंतर चुरा टाकायचा. ताई, चर किती खोल काढला होता तुम्ही?

सड्यावरची_कुडाळ

दीड फूट खोल आणि तेवढाच रुंद, आणि वळणाच्या आधी एक आडवी मोरी टाकली, नाहीतर पाणी रस्ता ओलांडून जातं. चुरा दोन थरांत टाका, पहिला थर रोलर नसेल तर भरलेला ट्रॅक्टर चार-पाच वेळा फिरवून दाबून घ्या आणि मग दुसरा.